केबल काढून चाळीस मिनिटं

धाकटी फोन उचलत नाही, ही माझी तक्रार तिच्या हातात पहिला फोन आला तेव्हापासूनची आहे. काळजी करत जाऊ नका, असं मला डॉक्टरांनी, नणंदेने, शेजारणीने आणि खुद्द धाकटीने सांगून झालं. मी करते. पुढेही करणार. ती सवय सोडल्याची कबुली द्यायला मी लिहायला बसलेली नाही. धाकटीविषयी जे बोललं जातं त्यातलं बरंचसं चुकीचं आहे, म्हणून बसले आहे. शिकलेली पोरगी मोबाइल दुरुस्त करत बसते. चालून आलेली नोकरी घालवली. हट्टी आहे. यातलं शेवटचं तेवढं खरं.

ती सातवीत असताना शाळेची विजेची बेल बंद पडली. मधल्या सुट्टीत ही स्टुलावर चढली, झाकण काढलं आणि शिक्षकांनी तिला झाकणासकट पकडलं. मला बोलावणं आलं. मुख्याध्यापकांनी तिच्यापुढे कागद ठेवला होता, बेल मोडल्याबद्दल माफी लिहून द्यायची होती. हिने लिहिलं, "बेल आधीपासून बंद होती. मी उघडली. आत मुंगळे आहेत." खाली सही.

"लिही गं दोन ओळी," मी कानात सांगितलं, "तुझं काय जातं?"

"आई, ते खरं नाही."

तीन दिवस तिला ऑफिसबाहेर उभं केलं. चौथ्या दिवशी शिपायाने मुंगळे झाडले आणि बेल वाजली. तिची माफी कुणी मागितली नाही, तिनेही कुणाला विचारलं नाही. मी मात्र ते तीन दिवस दुपारी शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यायचे आणि ती उभी आहे ना, पडली नाही ना, एवढं लांबून बघायचे.

पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकली. एका मोबाइल कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात लागली. तिथे तिला दुरुस्तीपेक्षा एक वाक्य जास्त बोलावं लागायचं, "या मॉडेलला आता कंपनीचा आधार नाही, नवीन घ्या." दिवसातून वीस-पंचवीस वेळा. अकरा महिने बोलली आणि सोडून आली. तिच्या बाबांनी विचारलं, "भांडण झालं का कुणाशी?" म्हणाली, "नाही. माझं माझ्याशी." बाबा नंतर मला म्हणाले, हे तुझ्यावर गेलंय. मी म्हटलं, माझ्यावर गेलं असतं तर घाबरली असती.

तिने एका शिंप्याच्या दुकानाचा अर्धा भाग घेतला. एका बाजूला त्याचं शिलाईयंत्र, दुसऱ्या बाजूला हिचं टेबल, शटर दोघांचं एकच. टेबलावर निळी रबरी चटई, भिंगाचा दिवा, चार प्रकारचे चिमटे आणि गरम हवेचं एक यंत्र, ज्याने तिची डावी भुवई अर्धी जाळली. स्क्रू ठेवायला माझी गोळ्यांची जुनी डबी, सात वारांचे सात कप्पे. "आई, कॅमेऱ्याचे स्क्रू गुरुवारात आहेत," असं ती सहज बोलते आणि ऐकणारा माझ्याकडे बघतो.

त्या टेबलाशी एक दिवस लिफ्टकाका आले. शहरातल्या पन्नासेक इमारतींच्या लिफ्ट ते सांभाळतात. कुणी अडकलं की यांना फोन येतो आणि हे स्कूटरवरून धावतात. त्यांच्या हातात एक काळा, जाडसर फोन होता. हिच्या ओळखीचाच. कंपनीने लाखांनी विकला, दोन वर्षांत सोडून दिला. आतली प्रणाली जुनी राहिली, एकेक ॲप चालेनासं झालं.

"सगळे म्हणतात नवा घ्या," लिफ्टकाका म्हणाले. "अहो, फोन चांगला आहे. कंपनीचं मन भरलं, त्याला फोन काय करणार?"

हे वाक्य धाकटीने घरी येऊन मला दोनदा सांगितलं. एरवी ती दुकानातलं काही सांगत नाही.

त्याच सुमाराला तिला ती माणसं सापडली. माझ्या शब्दांत सांगते, ती वाचून दुरुस्त करेलच. फोनमध्ये सगळं चालवणारी जी मुख्य प्रणाली असते, ती एरवी कंपनीच्या मालकीची, तिचं पोट कुणी उघडायचं नाही. या लोकांनी ठरवलं होतं की आपली एक प्रणाली लिहायची, तिचा ओळ न् ओळ मजकूर उघडा ठेवायचा, ज्याला हवा त्याने वाचावा, बदलावा, कंपन्यांनी टाकून दिलेल्या फोनांवर बसवावा. सुरुवातीला असे बाराजण होते. कुणी कुठल्या गावात, कुणी कुठल्या देशात. एक चॅटची खोली आणि एक सामायिक पान, एवढाच त्यांचा पत्ता. आमच्या शहरातले चौघे दर रविवारी तंत्रशाळेतल्या एका वर्गात बसायचे, ही पाचवी झाली.

त्यांचा म्होरक्या एक उंच, किरकोळ माणूस. दिवसा कारखान्यांत यंत्रं बसवायचा. धाकटी त्याला मुकादम म्हणते, त्याच्या तोंडावर. तो बहुतेक खूश व्हायचा. बाकी तिघांना मी माझ्या सोयीने नावं ठेवली. चष्मेवाला, दाढी आणि नुकतंच लग्न झालेला, म्हणून जावई.

प्रत्येक फोनला एक पालक, अशी त्यांची रीत. ज्याने ज्या मॉडेलवर प्रणाली बसवायची जबाबदारी घेतली, तो त्या मॉडेलचा पालक. धाकटीने लिफ्टकाकांचं मॉडेल घेतलं. तिच्याकडे फुटक्या काचांचे तसले एकोणीस फोन पडून होते. इतर लोक आपला एकुलता फोन कायमचा मरेल म्हणून घाबरत घाबरत प्रयोग करायचे. ही बिनधास्त. पहिल्या आठवड्यात तिने सहा मारले. सातव्यावर पडदा उजळला, उलटा. वरचं खाली, डावीकडे बोट लावलं की उजवीकडे हलायचं. तिने तो माझ्या भाजी चिरायच्या फळीवर ठेवून फोटो काढला आणि चॅटवर टाकला. ठिकठिकाणची बारा माणसं आनंदली. मी विचारलं, "उलटा आहे ना गं?" म्हणाली, "आई, बाळ आधी पायाळू आलं तरी चालतं. आलं पाहिजे."

दोन वर्षं लागली बाळाला सरळ करायला. दिवसभर दुकान, संध्याकाळी आणि रविवारी हे. नणंद म्हणायची, "फुकटचं काम करून पोट भरतं का?" मी तिच्यासमोर धाकटीची बाजू घ्यायचे आणि घरी येऊन धाकटीला तेच विचारायचे.

मग मुकादमाने तारीख जाहीर केली. पहिली आवृत्ती, चार फोन, चार पालक. सभागृह ठरलं, बाहेरगावची माणसं येणार होती. त्यातच एका नावाजलेल्या कंपनीने धाकटीला कळवलं की तुमचं काम पाहतोय, आवृत्ती निघाली की भेटा. ते पत्र मी चार वेळा वाचलं. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांसमोर पक्क्या छपराचं ऑफिस, ओळखपत्राची फीत आणि पूर्ण वाढलेली डावी भुवई आली.

आवृत्तीच्या यादीत फोन जायचा तर एक नियम होता. पालकाने तीस दिवस तोच एक फोन वापरायचा, दुसरा नाही, आणि मग यादीत आपल्या फोनसमोर "हो" लिहायचं. "नाही" लिहिलं तर तो फोन त्या खेपेला गळणार. बाकी तिघांचे तीस दिवस आधीच सुरू झाले होते. धाकटीने आपला जुना फोन माझ्या कपाटात ठेवायला दिला आणि त्या काळ्या जाड फोनमध्ये कार्ड घालून कामाला लागली.

आठव्या दिवशी दुपारी मी तिला फोन केला. रिंग वाजली, वाजली, थांबली. परत केला. सात वेळा केला. सातही वेळा रिंग माझ्या कानात नीट ऐकू येत होती. मी पदर खोचून दुकान गाठलं, आणि ही भिंगाखाली वाकून बसलेली.

"फोन का उचलत नाहीस?"

"आलाच नाही."

"सात वेळा केला."

"आई, फोन इथे टेबलावर आहे. एकही नाही आला." तिने पडदा दाखवला. खरंच, एकाचीही नोंद नव्हती.

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही म्हटलं. तू घाबरलीस की तुला एकाचे सात वाटतात."

शिंप्याने यंत्र थांबवलं. घरचं भांडण ऐकायला त्याला शांतता लागते.

मी तिथून तडक निघाले. घरी आले आणि वही काढली. लग्नाआधी मी संख्याशास्त्राची पदवी घेतली होती, हे घरात सगळे विसरलेत. मी विसरलेले नाही. चार रकाने आखले. वेळ. माझ्या कानात रिंग आली का. तिने उचलला का. आणि चौथा, त्याआधी तिच्याकडून मला शेवटचा निरोप किती मिनिटांपूर्वी आला होता. हा चौथा रकाना मी रागाने आखला होता. मला सिद्ध करायचं होतं की निरोप पाठवायला फोन तिच्या हातात असतो आणि माझा फोन आला की ती टाळते.

बारा दिवसांत एकोणऐंशी फोन केले. इतके कशाला, असं कुणी विचारू नये. एरवीही साधारण तेवढेच होतात.

वही तिच्यापुढे टाकली तेव्हा तिने आधी हसून पानं उलटली. मग हसू थांबलं. मग तिने पेन मागितलं.

"आई, हे बघ. माझा निरोप येऊन दहा मिनिटं, वाजला. पंचवीस, वाजला. अडतीस, वाजला. त्रेचाळीस, नाही. पन्नास, नाही. दीड तास, नाही." ती बोटाने खाली खाली जात होती. "चाळिशीच्या पुढे एकही नाही."

"म्हणजे टाळत नव्हतीस."

"म्हणजे फोनला चाळीस मिनिटं कुणी हात लावला नाही की पुढे वाजतच नाही. तुला रिंग ऐकू येते. मला नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. पण मला ते सगळे आठवले जे फोन लावून वाट बघतात आणि समजतात की वाजला.

तिने लगेच तपासायला घेतलं. फोन आत काय करतोय याची नोंद संगणकावर दिसते, त्यासाठी केबल जोडावी लागते. केबल जोडली, एक तास थांबली, मला फोन करायला सांगितलं. खणखणीत वाजला. परत तास, परत वाजला. तीन वेळा वाजला.

"बघ," ती वैतागली. "आता वाजतोय. माझं डोकं फिरेल."

"मग ती केबल काढ ना."

"केबल काढली तर आत काय चाललंय ते दिसणार कसं?"

"ते मला माहीत नाही. पण तू ती केबल लावून रस्त्यातून चालतेस का?"

तिने केबल हातात घेतली. मग हळू म्हणाली, "आम्ही सगळे लावूनच बसतो." आणि कपाळावर हात मारला. केबल जोडलेला फोन गाढ झोपतच नाही, त्याला वीज मिळत असते. दोन वर्षं बारा माणसं त्या फोनांची झोप तपासत होती आणि तपासताना प्रत्येक जण त्याला जागं ठेवून बसला होता. दुखणं असं, की नाडी धरली की रोगी बरा.

तारखेला तेव्हा नऊ दिवस उरले होते. तिने चॅटवर लिहिलं. उत्तरं आली, आमच्याकडे वाजतो. आमच्याकडेही. तुझ्या फोनपुरतं असेल. मुकादमाने खासगीत लिहिलं की रविवारी बोलू, पण तोवर यादीत काही लिहू नकोस.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मीही तिला म्हटलं, "लिहून टाक 'हो'. दोन वर्षांचं काम आहे. नंतर दुरुस्त कर. लोक करतातच की असं."

"लिफ्टकाकांनी सांगून ठेवलंय, यादीत आला की माझ्या फोनवर घाल," ती म्हणाली. "दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस फोन लावणार. त्याच्या कानात रिंग वाजणार. तो शांत बसून वाट बघणार, काका निघाले असतील म्हणून. तू बसशील का त्या लिफ्टमध्ये?"

मला बंद जागेत धाप लागते, हे तिला ठाऊक आहे. नेम धरून मारते कार्टी.

रविवारी मी तिच्याबरोबर तंत्रशाळेत गेले. बोलावलं नव्हतं कुणी. वर्गात लोखंडी बाकं, फळ्यावर कुणाच्या तरी तासाची आकृती अर्धी पुसलेली, आणि प्रत्येक बाकावरून केबली लोंबत होत्या.

मुकादम उभाच होता. "काकू, बसा. हिला जरा समजवा. पहिली आवृत्ती आहे. लोक समजून घेतात."

"कोण लोक?" धाकटी म्हणाली.

"आपले."

"आपले लोक फोन करतात कुठे? टाइप करतात. दोन वर्षांत तू मला एकदा तरी फोन केलायस?"

दाढी हसला. मुकादम नाही हसला. "सभागृह ठरलंय. बाहेरून माणसं निघालीत. तुझा फोन गळला तर उरलेले तीन कुणाकडे असतात? हौशी लोकांकडे. साधा माणूस वापरतो तो एक तुझा. तो नसेल तर मी तिथे उभा राहून दाखवू काय? बारीक अक्षरात टीप घालू. तू 'हो' लिही."

"फोन वाजत नाही, ही टीप बारीक अक्षरात?"

"तुझ्याकडे वाजत नाही. यांच्याकडे वाजतो."

"मग दाखवा." तिने आपला फोन टेबलावर ठेवला. "चौघांनी ठेवा. केबली काढा. चाळीस नको, पंचेचाळीस मिनिटं. कुणी हात लावायचा नाही. मग आई फोन करेल."

एवढं सोपं वाटलं होतं. पण त्या चौघांना आपला फोन समोर पडलेला असताना पंचेचाळीस मिनिटं हात न लावता बसणं म्हणजे लहान मुलाला कागदाची होडी करून देऊन पाण्यात सोडू नको म्हणणं. दाढी दोनदा हात पुढे करून मागे आला. चष्मेवाल्याने काच पुसायच्या निमित्ताने उचलायचा प्रयत्न केला, धाकटीने पट्टी आपटली. मी वही उघडून घड्याळ बघत होते. मुकादम फळ्याजवळ येरझारा घालत होता आणि मला त्याची कीव येत होती. सभागृह ठरवून बसलेला माणूस होता तो.

छत्तिसाव्या मिनिटाला फोन वाजला.

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. चारही फोन काळे होते. आवाज जावयाच्या पँटच्या खिशातून येत होता. त्याने खिसा दाबला. आवाज वाढला.

"हा कुठला?" धाकटीने विचारलं.

जावई लाल झाला. "घरचा आहे. म्हणजे, बायकोचा. ती… त्या फोनवर लागत नाही म्हणून…"

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि तू तीस दिवसांचा 'हो' लिहिलास?"

"बाकी सगळं चालत होतं ना," तो म्हणाला. "मला वाटलं नेटवर्कचं असेल."

मी म्हटलं, "उचल आधी. ती घाबरली असेल." त्याने उचलला आणि कोपऱ्यात जाऊन "हो, हो, जिवंत आहे" असं काहीतरी पुटपुटला. मग चष्मेवाल्याने कुणी न विचारता आपल्या पिशवीतून दुसरा फोन काढून टेबलावर ठेवला. दाढीने काही काढलं नाही. पण त्याला घरून कुणी फोन करणारं नाही, हे मला नंतर कळलं.

पंचेचाळीस मिनिटं झाली. मी व्हरांड्यात गेले आणि ओळीने चार फोन लावले. चारही वेळा माझ्या कानात रिंग वाजली. दारातून मला टेबल दिसत होतं. धाकटीचा गप्प. चष्मेवाल्याचा गप्प. जावयाचा गप्प. दाढीचा तेवढा वाजला.

मी आत आले. मुकादम टेबलाला टेकून म्हणाला, "ठीक आहे. आहे दोष. महिनाभरात काढू. तारीख मी हलवणार नाही. एक शब्द लिहायचाय, लिही. नाहीतर दोन वर्षं तुझ्या एकटीमुळे…"

"दोन वर्षांतली अर्धी माझ्या एकटीमुळेच आहेत," धाकटी म्हणाली. तिने चष्मेवाल्याचा संगणक ओढला, सामायिक पान उघडलं, आपल्या फोनसमोर लिहिलं, "नाही. झोपल्यावर वाजत नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला हा फोन फसवेल." खाली तारीख. ते पान जगातल्या कुणालाही दिसतं. लिहिलं ते लिहिलं.

मला सातवीतला कागद आठवला. या वेळी मी कानात काही सांगितलं नाही. मी मुकादमाला म्हटलं, "हे बघ बाबा, टीप बारीक अक्षरात घालायची असेल तर खाली माझं नाव घाल आणि मोठ्या अक्षरात घाल. एकोणऐंशी फोनांचा हिशेब वहीत आहे. कुणाला हवा असेल तर मी सभागृहात वाचून दाखवते."

तो म्हणाला, "काकू, तुम्ही यात पडू नका."

"मी बारा दिवस पडूनच आहे."

जावयाने त्याच संध्याकाळी आपला "हो" खोडला, चष्मेवाल्याने दुसऱ्या दिवशी. आवृत्ती ठरल्या तारखेला निघाली, एका फोनसाठी, दाढीच्या. सभागृह अर्धं भरलं होतं असं ऐकलं. धाकटी गेली नाही. त्या दिवशी ती दुकानात एका बाईच्या फोनचं बटण बदलत होती. कंपनीचं भेटायचं पत्र आलं नाही. तिने विचारलंही नाही. मी विचारू का म्हटलं, तर तिने ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी तिच्या जन्मापासून ओळखते. मुकादम तिच्याशी दीड महिना बोलला नाही. चॅटवर तिच्या नावावरून दोन तट पडले. "एका फोनच्या रिंगसाठी एवढं" असंही कुणी लिहिलं. त्याला तिने उत्तर दिलं नाही, मी देणार होते, मला खातं उघडता आलं नाही.

दोष सापडायला सात आठवडे लागले. तिने मला समजावला तो असा. फोनमध्ये टॉवरशी बोलणारा एक वेगळा छोटा भाग असतो. मुख्य भाग झोपला की काही निरोप आला तर याने हात वर करायचा, मुख्य भाग तो वर जाणारा हात बघून जागा होतो. दर चाळीसेक मिनिटांनी टॉवर नुसती हजेरी घेतो. तेव्हा छोट्याने हात वर केला, मोठ्याने पुन्हा डोळे मिटायच्या घाईत तो पाहिला नाही आणि छोट्याने हात खाली घेतलाच नाही. मग खरा फोन आला. पण हात आधीच वर. वर जाताना दिसणार कसा? दाढीच्या फोनमधला छोटा भाग दुसऱ्या जातीचा, तो हात खाली घेऊन पुन्हा वर करायचा.

"म्हणजे मी सात वेळा फोन केला तो फुकट?"

"तो बिचारा सातही वेळा हात वर करूनच बसला होता, आई."

उपाय तीन ओळींचा होता. झोपायच्या आधी बघायचं, कुणाचा हात वर राहिलाय का. तिने त्या तीन ओळी पाठवल्या. मुकादमाचं उत्तर एका शब्दाचं आलं, "घेतलं." दोन दिवसांनी आवृत्तीच्या तपासणीच्या यादीत एक नवी ओळ दिसली, त्याच्या हातची. "केबल काढा. पंचेचाळीस मिनिटं हात लावू नका. मग घरच्या माणसाला फोन करायला सांगा." जगभरातले पालक आता ही ओळ पाळतात म्हणे. माझा उल्लेख नाही. चालेल, "घरचं माणूस" मीच आहे.

लिफ्टकाकांच्या फोनवर तिने प्रणाली घातली ती त्यानंतर. घातली आणि त्यांना शिंप्याच्या स्टुलावर बसवून ठेवलं. "खिशात ठेवा, पाऊण तास हात लावायचा नाही." काका पाऊण तास हाताची घडी घालून बसले. शिंप्याने दोन पँटी संपवल्या. मग धाकटीने रस्त्याच्या पलीकडे जाऊन नंबर लावला. काकांच्या छातीवर फोन खणाणला, ते दचकून उठले आणि सवयीने म्हणाले, "बोला, कितवा मजला?"

दुसरी आवृत्ती चार फोनांसाठी निघाली. नोकरीचं पुढे काही झालं नाही. टेबल तिथेच आहे, भुवई अर्धीच आहे. हे सगळं नणंदेला समजावण्याचा नाद मी सोडला. ज्याला पटायचं त्याला पटेल.

आता ही माणसं वर्षातून एकदा भेटतात. यंदा बाहेरगावी भेटली आहेत आणि धाकटी परवापासून तिकडे आहे. हे लिहिताना रात्रीचे दीड वाजले, तिचे बाबा मघाशी दिवा बंद कर म्हणून गेले. काल संध्याकाळी मी तिला फोन केला. रिंग वाजली, वाजली, थांबली. पूर्वी असती तर मी पदर खोचून निघाले असते. पाच मिनिटांनी निरोप आला, "वाजला. ऐकला. कामात आहे."

म्हणजे आता ऐकून उचलत नाही.

मी परत लावला.